वाखाचा घागरा

आमच्या गावानं समुद्र कधी पाहिला नाही, पण खारं पाणी त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यात आमचं गाव. विहिरींना पाणी होतं, पण तोंडात घेतलं की थुंकून टाकावं असं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. प्यायचं पाणी नदीच्या रेतीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागरीत भरावं लागे. शाळेत गुरुजींनी समुद्राचं पाणी खारं असतं असं सांगितलं, तेव्हा आम्हा पोट्ट्यांना काही नवल वाटलं नाही. समुद्र म्हणजे आपली विहीरच, फक्त काठ नसलेली, एवढंच आम्ही समजलो.

बेट मात्र आम्हाला आजीकडून कळलं. तिच्या लेखी जगात बेट एकच, रावणाची लंका. चहूकडून पाणी, मधात सोन्याचं गाव, आणि तिथं नेलेली सीता. कीर्तनात, रामलीलेत, पोथीत तेच. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन' काढला तेव्हा पडद्यावरसुद्धा हेच बेट आलं. मुका चित्रपट, आणि त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानं केलेल्या. आजीनं तो पाहिला नव्हता. तिनं तोवर कुठलाच सिनेमा पाहिला नव्हता.

आमच्याकडं सिनेमा येई तो तंबूत. तिकडं सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा पौषात उठली, की टुरिंग टॉकीजवाले तंबू बैलगाड्यांवर आणि ट्रकवर लादून खाली पूर्णेकडं सरकत. कापूस वेचून झालेला, तूर खळ्यावर आलेली, लोकांच्या हाती चार पैसे असलेले. आमच्यापासून दीड कोसावरच्या बाजाराच्या गावी तंबू पडे. दिवसा दमणीला भोंगा बांधून एक माणूस गावोगाव फिरे. रात्री इंजिन सुरू झालं की त्याचा आवाज आमच्या ओट्यावर ऐकू येई. मशीन एकच, म्हणून दर रिळाला खेळ थांबायचा. प्रिंट इतकी घासलेली असे की पडद्यावर सदा पाऊस पडल्यासारखा दिसे. कोणी म्हणायचं, "पाय, सिनेमातबी पाणी, आन्‌ आपल्याकडंच नाही."

१९६३ चा माघ असावा. मी दहा वर्षांचा, बाई चौदाची. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तंबूत 'अलबेला' आला होता. चित्रपट १९५१ चा, म्हणजे बारा वर्षं जुना, पण असे सिनेमे वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांतून फिरत राहत. बाबा आम्हाला घेऊन जायला तयार झाले ते आजीमुळं. आजी म्हणाली, "मरायच्या आंधी एकडाव पाहू द्या मले थ्या सिलिमा." मग बैलगाडी जुंपली. माय, आजी, बाई, शेजारच्या दोन पोरी आणि मी. तंबूत बायका एका अंगाला, गडीमाणसं दुसऱ्या अंगाला. मी लहान म्हणून बायकांत बसलो.

गोष्ट साधी होती. प्यारेलाल नावाचा एक गरीब तरुण. त्याला नाटकात काम करायचं वेड. घरचे त्याला हाकलून देतात, मग तो नाटक कंपनीत जाऊन नाव काढतो. काम करणारा भगवान, अंगानं जाडसर, दिसायला आपल्यातलाच कोणीतरी. नायिका गीता बाली. बहुतेक नाच नाटकाच्या रंगमंचावरचे. मला आठवतं तसं, एका नाचात रंगमंचावर ताडामाडाची झाडं उभी केलेली होती, गळ्यात फुलांच्या माळा होत्या आणि कमरेला गवताच्या झिरमिळ्या. ढोलकीचा नव्हे, कुठल्यातरी परक्या वाद्याचा ठेका चालू होता. पुढं कळलं की ते बोंगो. भगवान फार उड्या मारत नव्हता. खांदे हलवी, हात झुलवी, पाय जागच्या जागी टाकी. पण तंबूतली माणसं उठून उभी राहिली. पडद्यावर पैसे पडले. गाणं पुन्हा दाखवा म्हणून ओरडा झाला, आणि ऑपरेटरनं खरंच रीळ मागं घेतलं.

आजीनं मायला विचारलं, "हे कोन्तं गाव हाये वं?"

शेजारची शिकलेली पोरगी म्हणाली, "आजी, हे बेट हाये. समुद्रातलं."

आजी थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बेट हाये म्हन्ता, मंग रावन कुठी हाये?"

आजूबाजूच्या बायका खूप हसल्या. बाई हसली नाही. ती पडद्याकडं पाहत होती.

त्यानंतर चार दिवसांनी कोठ्यातला खेळ सुरू झाला. आमच्याकडं गुरांच्या गोठ्याला कोठा म्हणतात. कोठ्याच्या आढ्याला वाख टांगलेला होता. वाख म्हणजे अंबाडीचा धागा. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून डोहात कुजत घालायच्या, साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. मग तो लांब, पांढरट, केसांसारखा वाख निघतो. वर्षभराचे कासरे, दावी, विहिरीचा नाडा, सगळं त्यातूनच वळायचं. बाईनं त्यातल्या जुड्या काढल्या, लुगड्याच्या काठात ओवल्या आणि परकरावरून कमरेला बांधल्या. शेजारच्या दोघींनाही बांधून दिल्या. रुईच्या फुलांच्या माळा केल्या. मला रॉकेलचा रिकामा डबा दिला. "भाऊ, तू वाजव. तंबूत वाजे तसं."

बाबा शेतात आणि माय नदीवर गेलेली असताना दुपारी हे चाले. म्हशी रवंथ करत पाहत. बाई नाचायची ते मी अजून विसरलो नाही. मला नाचातलं काही कळत नव्हतं, पण हीच मुलगी सकाळी पाच घागरी पाणी आणते, शेण काढते, भाकरी थापते, हे त्या वेळी खरं वाटत नसे. ती वाखाचा घागरा घालून हात झुलवी, तेव्हा तिच्या तोंडावर असं काही येई की मी डबा वाजवायचा विसरून जाई.

तेच नडलं. तिसऱ्या दिवशी मी ठेका चुकलो. पुन्हा चुकलो. बाई दोघींना म्हणाली, "याले ठेकाच येत नाही," आणि तिघी हसल्या. मला राग आला. डबा तिथंच ठेवला, तहान लागली म्हणून बाहेर आलो. बाबा त्या दिवशी लवकर परतले होते आणि ओट्यावर विडी ओढत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "बाबा, बाईनं वाख नेसला."

एवढंच बोललो. एका वाक्यात काम झालं.

बाबा कोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. शेजारच्या पोरी मागच्या खिंडीतून पळाल्या. बाई जागच्या जागी उभी. बाबांनी हात उचलला नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "वाख वर्साचा हाये. खराब झाला, तं बैलाले काय बांधू?" मग थोडं थांबून, "हे तमाशातल्या बायाचं काम हाये. उद्यापासून याचा दोर वळून ठेव."

दोन दिवस ती उंबऱ्याशी बसून दोर वळत होती. तळहात सोलले. माय हळद लावायची आणि काही बोलायची नाही. त्या वाखाचा विहिरीचा नाडा झाला. आमच्या खाऱ्या विहिरीवर तो कितीतरी वर्षं चालला. कपडे धुवायला, गुरांना पाजायला आम्ही त्याच नाड्यानं पाणी काढलं. मी जेव्हा जेव्हा तो हातात धरी, तेव्हा तेव्हा मला ते आठवे. मी कोणाला बोललो नाही.

बाबांना आज मी वाईट म्हणत नाही. बहिरमच्या यात्रेत टॉकीजचा तंबू आणि तमाशाची राहुटी शेजारी-शेजारी असत. त्यांच्या पाहण्यात नाचणारी बाई ती एवढीच. आणि वाख खरंच वर्षाचा होता. पण बाई त्यानंतर कधी नाचली नाही. भुलाबाईच्या दिवसांत ती गाणी म्हणे, खिरापत ओळखे, पण टिपऱ्या हातात घेत नसे.

पुढच्या एका पावसाळ्यात पूर्णेला मोठा पूर आला. नदी आणि नाला एक झाले आणि गावाला चहूकडून पाणी लागलं. आम्ही सगळे गुरांसकट गढीच्या पांढरीवर जाऊन बसलो. दोन रात्री तिथं काढल्या. समोर जिकडं पाहावं तिकडं गढूळ पाणी, मधात आमची गढी. बाई माझ्या कानात म्हणाली, "भाऊ, आपलंच बेट झालं पाय." आजी जवळच होती. तिनं जप थांबवून विचारलं, "काय म्हन्ते थे?" बाई म्हणाली, "काही नाही आजी. रावन येते का पाहून राह्यली."

१९६५ च्या जानेवारीत गीता बाली गेली. देवीच्या रोगानं. ग्रामपंचायतीत आलेल्या पेपरात गुरुजींनी वाचून दाखवलं. आमच्या गावात देवीनं चेहरे खाल्लेली माणसं घरोघर होती, त्यामुळं रोग सगळ्यांना माहीत होता. बाई ऐकून चूल फुंकत राहिली. रात्री म्हणाली, "मले वाटे, तिथी देवी येत नसन." तिथं म्हणजे कुठं, हे मला विचारावं लागलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती दर्यापूरकडं गेली. तिकडंही पाणी खारंच.

मी शिकलो, पोस्टात लागलो आणि फिरत-फिरत अकोल्याला आलो. जठारपेठेत घर घेतलं. आजूबाजूला आमच्यासारखीच खेड्यांतून आलेली माणसं. इथं महानच्या धरणातलं, काटेपूर्णेचं गोडं पाणी नळाला येतं. रोज येत नाही, पण येतं तेव्हा गोड असतं. निवृत्तीनंतर वेळ हाताशी आला, तसा मी त्या जुन्या नाचाच्या मागं लागलो. पुस्तकं, जुनी मासिकं, नातवाचा फोन. गवताचा तो घागरा आमच्या कोठ्यापर्यंत कुठून आला, एवढंच मला शोधायचं होतं.

पहिलं कळलं ते असं की भगवान आमच्याच वऱ्हाडातला. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३, अमरावती. वडील मुंबईत गिरणी कामगार. कुस्तीचा नाद, म्हणून सगळे 'दादा' म्हणत. 'अलबेला'च्या आधी त्यांनी कितीतरी स्वस्तातले मारामारीचे सिनेमे काढले. आणि त्याच काळात, १९४१ साली, त्यांनी चक्क एक तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला होता, 'वनमोहिनी'. संगीत सी. रामचंद्रांचं. हे रामचंद्र नरहर चितळकर पुणतांब्याचे, नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडं गाणं शिकलेले. पुढं 'अलबेला'ची चाल न्‌ चाल त्यांचीच. म्हणजे एक अमरावतीत जन्मलेला आणि एक नागपुरात शिकलेला, अशा दोन मराठी माणसांनी तमिळ लोकांसाठी रानातल्या मुलीचा, हत्तीचा आणि गाण्यांचा सिनेमा केला होता. नायिका के. थवमणी देवी. तिनं त्यात अंगाभोवती गुंडाळायचं सारोंग नेसलं होतं, आणि ही नक्कल होती अमेरिकेच्या डोरोथी लामूरची.

लामूर हे नाव तेव्हा जगभर गाजत होतं. बोलपट आल्यावर हॉलीवूडला दक्षिण समुद्रातल्या बेटांचं वेड लागलं. १९३२ मध्ये 'बर्ड ऑफ पॅराडाइज' हवाईला जाऊन काढला. १९३७ मध्ये 'वायकिकी वेडिंग' आला. त्यात बिंग क्रॉस्बी अननसाच्या कंपनीची जाहिरात करणारा माणूस झाला होता, आणि त्यातल्या एका गाण्याला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी जॉन फोर्डचा 'द हरिकेन' आला. त्यात लामूर बेटावरची मुलगी झाली. ती मूळची न्यू ऑर्लिन्सची. ते बेट आणि तो लगून बहुतेक स्टुडिओत बांधलेले, वादळही तिथंच केलेलं. गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. बेटावरचा एक तरुण एका गोऱ्याला मारतो म्हणून तुरुंगात जातो. बायकोकडं जायला तो पुन्हा-पुन्हा पळतो आणि दर वेळी त्याची शिक्षा वाढते.

गवताच्या घागऱ्याचंही तसंच. मी समजत होतो की हवाईच्या बायका पूर्वापार गवतच नेसत असतील. तसं नाही. त्यांचा जुना नाच, हुला, सालीच्या कापडात आणि पानांत होई. गवताचा घागरा गिल्बर्ट बेटांवरून मजुरीला आलेल्या लोकांबरोबर तिथं आला, आणि पुढं पाहुण्यांना तोच आवडला. आणि आणखी एक गोष्ट वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. मिशनरी आल्यावर हा नाच वाईट ठरला आणि १८३० मध्ये राणी काआहुमानूनं चारचौघांत हुला करायला बंदी घातली. पन्नासेक वर्षांनी राजा कालाकौआनं १८८३ मधल्या आपल्या राज्याभिषेकात तो पुन्हा सर्वांसमोर करवला. म्हणजे खऱ्या बेटावरही कोणीतरी दारात उभं राहून म्हटलं होतं, हे काम वाईट बायकांचं आहे. फक्त तिथं एक राजा निघाला, ज्यानं नाच परत आणला. आमच्या घरी तसा कोणी निघाला नाही.

हॉलीवूडनं स्टुडिओत बेट बांधलं. त्यावरून भगवानदादांनी तमिळमध्ये रान उभं केलं, दहा वर्षांनी मुंबईत रंगमंचावर माड उभे केले. ते पाहून आमच्या बाईनं कोठ्यात अंबाडी नेसली. या सगळ्यांत खऱ्या बेटाचं माणूस शोधायला गेलो, तर एक सापडलं. थवमणी देवी सिलोनची होती. आजी असती तर म्हणाली असती, "पाय, निंगाली नं लंकेचीच!"

भगवानदादांचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता, सात गाड्या होत्या असं सांगतात. सगळं गेलं. २००२ मध्ये ते वारले ते दादरच्या चाळीत.

मागच्या वर्षी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जठारपेठेत आमच्याकडं येऊन राहिली. तिची पंचाहत्तरी उलटून गेली आहे. डोळ्याची पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी मी नातवाच्या फोनवर 'अलबेला'तला तो नाच लावून तिच्यापुढं धरला. तिनं तो पूर्ण पाहिला. बोलली नाही. पायाची बोटं मात्र चटईवर हलत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "भाऊ, एक विचारू? तू तवा डबा मधातच काहून बंद केला होता रे?"

साठ वर्षं मी या प्रश्नाला भीत होतो, आणि तिला पडलेला प्रश्न हा होता. घागऱ्याचा नाही, बाबांचा नाही. डबा थांबला त्याचा.

मी सांगितलं. सगळं. ठेका चुकला, तुम्ही हसल्या, मला राग आला, मी ओट्यावर गेलो आणि बाबांना बोललो. बोलताना माझा घसा दाटला. सून दारात येऊन थांबली आणि परत आत गेली.

बाई तिचे तळहात पाहत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "दोर मात्र चांगला झालता. माय सांगे, लय वर्सं टिकला म्हने." आणखी थोडा वेळ गेला. मग तिनं माझ्यापुढचा स्टीलचा डबा माझ्याकडं सरकवला. "लाव पुन्यांदा. आन्‌ वाजव."

मी नातवाला गाणं लावायला सांगितलं आणि डब्यावर बोटं टाकली. ती बसल्या जागी खांदे हलवत होती, हात झुलवत होती, अगदी थोडे. अर्ध्या गाण्यात थांबून माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुले ठेका आताबी येत नाही, भाऊ."

तिनं मला माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी वाजवत राहिलो. तेवढ्यात सुनेनं आतून ओरडून सांगितलं की नळ आले, आणि आम्ही दोघंही सवयीनं भांडी लावायला उठलो.